आंघोळीचे खेळणे रात्रीतून सुकते का?

संपादक महोदय,

लहान मुलांच्या आंघोळीतले प्लास्टिक काढून टाका, हा सल्ला आता घरोघरी पोहोचला आहे आणि तो योग्यच आहे. पण प्लास्टिकच्या जागी आणलेले लाकडी बदक, घोसाळ्याचा स्पंज, बांबूचा पेला रोज ओलेच कोपऱ्यात पडून राहतात. महिनाभरात त्यांवर काळे ठिपके दिसू लागतात आणि पालक वैतागून जुन्या खेळण्यांकडे परत वळतात. लाकूड निसर्गातून आले म्हणून बुरशी त्याला सोडत नाही, उलट ओल्या लाकडावर ती लवकर धरते. म्हणून खेळणे कशाचे आहे हे विचारण्याआधी त्यात पाणी कुठे अडकते आणि ते रात्रीतून पूर्ण सुकते का, हे पाहायला हवे.

पिळले की चिळकांडी उडवणारे, तळाला भोक असलेले मऊ बदक या कसोटीवर पहिल्याच दिवशी नापास होते. स्वित्झर्लंडमधील ‘एवाग’ या जलसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह घराघरांत वापरलेली अशी 19 खेळणी तपासली. तो अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आतल्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी सुमारे 95 लाख जिवाणू होते आणि 58 टक्के खेळण्यांत बुरशी होती. त्याच अभ्यासात नवी, एकसारखी खेळणी काही स्वच्छ पाण्यात, तर काही आंघोळीनंतरच्या पाण्यात ठेवली होती. स्वच्छ पाण्यात दर चौरस सेंटिमीटरवर जिवाणू भरले 55 लाख, वापरलेल्या पाण्यात 7 कोटी 30 लाख. मऊ प्लास्टिकमधून झिरपणारा कर्ब आणि अंगावरचा मळ, दोन्ही जिवाणूंच्या या थराचे खाद्य ठरतात. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्याने हा थर निघेल याची खात्री नाही, आत ब्रश जात नाही. भोक गोंदाने बुजवले तर वाळलेला गोंदाचा गोळा एक दिवस मुलाच्या तोंडात जातो. असे खेळणे टाकून देणेच बरे.

आंघोळीत सर्वांत जास्त वेळ मूल रमते ते ओतण्यात आणि भरण्यात. त्यासाठी काठ वळवलेल्या स्टीलच्या तीन वाट्या पुरतात: साधारण 50, 100 आणि 200 मिलीच्या. लहान वाटी चार वेळा ओतली की मोठी भरते, हे मूल मोजता येण्याआधी हाताने शिकते. त्याहून मोठे भांडे दीड-दोन वर्षांच्या हाताला जड होते आणि मग ते पायावर पडते. झारीसारख्या धारांसाठी आणखी एक, चौथी वाटी घेऊन तिच्या तळाला 2 मिलिमीटरची सहा-सात भोके पाडून घ्यावीत. भोक 1 मिलिमीटरहून बारीक असेल तर पृष्ठताणामुळे उथळ पाणी त्यातून उतरतच नाही. दोन भोकांत 1 सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर धारा एकमेकींना चिकटून एकच धार होते. ड्रिल ज्या बाजूने बाहेर पडते तिथे पत्र्याची बारीक, बोचरी कड उभी राहते. ती कानशीने घासावी आणि कापसाचा बोळा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासावे.

सुती रुमालाइतके चांगले पाण्यातले खेळणे तर शोधून सापडणार नाही. घट्ट विणीचा, साधारण 30 सेंटिमीटर चौरस रुमाल आधी पूर्ण भिजवावा, पाण्यावर सपाट पसरावा, चारी कडा पाण्याखाली एकत्र आणून मुठीत धराव्यात. वर हवेचा फुगा उभा राहतो. पाण्याखाली दाबला की त्यातून बारीक बुडबुडे निघतात आणि मुले खिदळतात. कोरड्या कापडाचा फुगा होत नाही, कारण धाग्यांमधली छिद्रे पाण्याने भरली तरच हवा अडते. विरळ मलमलही लवकर रिकामी होते. वापरून झाला की पिळून दोरीवर टाकावा, सकाळपर्यंत तो खडखडीत होतो.

लाकडी होडी करायची असेल तर एकाच तुकड्याची करावी, साधारण 12 × 7 × 2 सेंटिमीटर. गाठ किंवा चीर नसलेले लाकूड घ्यावे. प्लायवुड नको, कारण ते कडेने फुगते आणि थर सुटतात. होडी रुंद आणि बसकी हवी. उंच डोलकाठी लावली की ती कलंडते, शिवाय काठी डोळ्याला लागण्याचा धोका असतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने, मग 220 ने घासावे. त्यानंतर लाकूड मुद्दाम ओले करून सुकू द्यावे. तंतू उभे राहतात, ते पुन्हा 220 ने काढावेत. ही पायरी गाळली तर पहिल्याच आंघोळीत होडी खरखरीत होते. वरून जवसाच्या कच्च्या तेलाचे तीन पातळ हात द्यावेत आणि दर वेळी वीस मिनिटांनी वर उरलेले तेल पुसून टाकावे. दोन हातांमध्ये काही दिवस आणि शेवटी दोन-तीन आठवडे थांबावे लागते. तेल जाड लावले तर ते चिकटच राहते. डब्यातले ‘बॉइल्ड’ तेल लवकर सुकते, पण त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तोंडात जाणाऱ्या वस्तूला ते नको. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. घराबाहेर उलगडून वाळवाव्यात.

आंघोळ झाली की होडी स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत कडेवर उभी करावी. उन्हात टाकली की वरची बाजू आधी आकसते आणि लाकूड तडकते. काळे ठिपके वरवरचे असतील तर घासून पुन्हा तेल द्यावे. घासूनही जात नसतील तर होडी फेकावी. घोसाळ्याचा स्पंजही टांगून सुकवावा आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावा.

नैसर्गिक म्हणून विकले जाणारे सगळेच नैसर्गिक नसते. गुळगुळीत, रंगीत ‘बांबूचे’ पेले पुष्कळदा बांबूचा भुसा मेलामाइन या प्लास्टिकच्या रेझिनमध्ये बांधून केलेले असतात. मायक्रोफायबरचे फडके म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. नैसर्गिक रबराचे खेळणे चालेल, पण बिनभोकाचे आणि बिनजोडाचे. लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराच्या चिकाची, ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र ते देऊ नये.

तीन वर्षांखालील मुलासाठी आणखी एक मोजमाप हवे. सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावते ते घशात अडकू शकते. शिंपले, गारगोट्या आणि विशेषतः बाटलीची कॉर्कची बुचे यातच येतात. बूच जेमतेम 24 मिलिमीटरचे असते आणि चावले की त्याचे तुकडे पडतात. शंख मोठा असला तरी त्याच्या पिळात पाणी राहते, म्हणून तोही नको.

पाणी 37-38 अंश सेल्सिअस असावे. आधी थंड ओतावे, मग गरम. खेळ दहा मिनिटे साध्या पाण्यात आणि साबण अगदी शेवटी, नाहीतर मूल फेसाच्या पाण्यात बसून राहते आणि त्वचा कोरडी पडते. पाच सेंटिमीटर पाण्यातही मूल बुडू शकते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे, फोन आला तरी उठू नये आणि मूल बाहेर काढले की टब व बादली लगेच रिकामी करावी.

खेळणी बनवणाऱ्यांकडे एवढीच मागणी आहे: ‘इकोफ्रेंडली’ या शब्दाऐवजी वेष्टनावर लाकूड कोणते, एकसंध की चिकटवलेले, वरचे तेल किंवा रोगण कोणते आणि खेळणे पाण्यासाठी आहे की नाही, हे छापावे. आपल्या दैनिकात अशा खेळण्यांची ओळख करून देतानाही हे चार तपशील विचारून छापावेत, ही विनंती.

– एक वाचक