हरित इमारतीची परीक्षा साइटवरच्या माणसापर्यंत पोहोचावी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

हरित इमारतींच्या मानांकनाशी संबंधित पात्रता परीक्षा आज अनेक तरुण वास्तुरचनाकार आणि स्थापत्य अभियंते देत आहेत. मीही सध्या, इमारतींना गुण देऊन त्यांचे हरित मानांकन करणाऱ्या ‘लीड’ या पद्धतीच्या ‘लीड ग्रीन असोसिएट’ या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. अभ्यास करताना जे प्रकर्षाने जाणवले, ते परीक्षार्थींपुरते मर्यादित नसून घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी आणि शासनाच्या धोरणाशी निगडित आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम या अभ्यासाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात पाणीपुरवठा, विद्युतीकरण, बांधकाम साहित्य हे विषय वेगवेगळ्या सत्रांत आणि एकमेकांशी संबंध नसल्यासारखे शिकवले जातात. इथे मात्र इमारतीची जागा, तिथवरची वाहतूक, पाणी, ऊर्जा, साहित्य आणि आतली हवा या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. नळाचा प्रवाह कमी केला की पाण्याबरोबर पंपाची वीजही वाचते, किंवा खिडकीची काच बदलली की वातानुकूलन यंत्राचा आकारच बदलतो, हे संबंध एकदा लक्षात आले की आराखड्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

परंतु परीक्षा 100 बहुपर्यायी प्रश्नांची आणि 2 तासांची असल्यामुळे, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 125 ते 200 या श्रेणीत 170 गुण मिळवावे लागत असल्यामुळे, तयारीचा ओघ लवकरच पाठांतराकडे वळतो. लीडमध्ये इमारतीला 110 पैकी 40 गुणांना प्रमाणपत्र, 50 ला रौप्य, 60 ला सुवर्ण आणि 80 ला प्लॅटिनम. लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतींसाठी ऊर्जेला 33 गुण, पाण्याला 11. हे आकडे तोंडपाठ असलेल्या परीक्षार्थीला सोलापूरच्या घराची पश्चिमेकडची भिंत कशी असावी हे सांगता येईलच असे नाही. पश्चिमेचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्याला आडवा छज्जा अडवू शकत नाही, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड हवे, ही साधी गोष्ट गुणांच्या तक्त्यात सापडत नाही.

लीड ही पद्धत अमेरिकेत आकाराला आली, त्यामुळे तिच्या साहित्यातील उदाहरणेही पुष्कळदा तिथलीच असतात. त्या देशाचा मुख्य भूभाग कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच कललेला असतो. महाराष्ट्राचे तसे नाही. मे महिन्यात आपल्याकडे गावोगावी शून्य सावली दिवसाच्या, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येण्याच्या, बातम्या येतात. त्या दिवसानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नाशिकमध्ये मेअखेरीस उत्तरेच्या खिडकीवरही ऊन येते. इथल्या परीक्षार्थीने हे आधी शिकले पाहिजे.

आपल्याकडे स्वतःची साधने नाहीत असेही नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आली आणि तिने छत सोडून इमारतीच्या बाकी बाह्य कवचातून आत शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा सुचवली. ‘टेरी’ या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेने केंद्रीय मंत्रालयाच्या सहकार्याने उभी केलेली ‘गृह’ ही मानांकन पद्धती आहे, आणि 2001 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हरित इमारत परिषदेच्या स्वतःच्या परीक्षाही आहेत. आपल्या संहिता देशाचे पाच हवामान विभाग मानतात. त्यांत मुंबई उष्ण-दमट, सोलापूर उष्ण-कोरडे आणि नागपूर संमिश्र विभागात मोडते. एकाच राज्यात तीन विभाग असताना एकच पाठ केलेले उत्तर सर्वत्र चालणार नाही.

मात्र माझा खरा मुद्दा परीक्षेला न बसणाऱ्यांचा आहे. इमारत कागदावर हरित ठरते ती सल्लागाराच्या टेबलावर. प्रत्यक्षात ती तशी होते की नाही, हे साइटवरचा सुपरवायझर, गवंडी, प्लंबर आणि वायरमन ठरवतात. बांधकामाच्या वेळी माती वाहून जाऊ न देणे आणि धूळ आटोक्यात ठेवणे ही लीडमध्ये पूर्वअट आहे, तिला गुण नाहीत, आणि म्हणून गुण मोजत अभ्यास करणाऱ्याचे तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. राडारोडा वेगवेगळा ठेवायचा तो कुणी? गिलाव्याचे काम चालू असताना वातानुकूलनाच्या डक्टची, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळकांड्यांची, तोंडे प्लास्टिकने बंद ठेवायची, नाहीतर तीच धूळ पुढे राहणाऱ्यांच्या श्वासात जाते, हे त्या माणसाला कुणी सांगायचे? गच्चीवर उष्णतारोधक थर टाकताना दोन फळ्यांमध्ये फट राहिली किंवा वरचा कोबा घालण्याआधी तो थर भिजला, तर आराखड्यातील हिशेब वाया जातो. काम संपत आले की ठरलेल्या काचेऐवजी ‘दिसायला तशीच’ काच येते आणि तिच्यातून आत येणारी उष्णता किती, हे विचारणारा तिथे कुणी नसतो. ही माणसे अकुशल नाहीत. आपल्या कामात ती अतिशय वाकबगार असतात. कारण कळले तर ती अशी चूक करणार नाहीत, असा माझा अनुभव आहे. कारण सांगणारे पुस्तक, वर्ग आणि परीक्षा मात्र इंग्रजीत आहे, शिवाय परीक्षेचे शुल्क सुपरवायझरच्या पगाराला न झेपणारे आहे.

हा प्रश्न खासगी व्यवसायाचा आहे, असे म्हणून शासनाला बाजूला राहता येणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, मुंबई महानगरपालिका आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर, हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मानांकनाच्या पातळीप्रमाणे मूळ चटईक्षेत्राच्या (म्हणजे भूखंडावर मंजूर असलेल्या बांधकामाच्या) 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळू शकते. हे वाढीव बांधकाम म्हणजे त्या भागातील रस्त्यांवर, पाणीपुरवठ्यावर आणि मलनिस्सारणावर पडणारा जादा भार. तो सर्व नागरिक उचलतात. त्याच्या बदल्यात मिळणारी इमारत खरोखर थंड राहते का, पाणी वाचवते का, हे पाहण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

म्हणून माझी शासनाला आणि महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाला विनंती आहे, की बांधकाम पर्यवेक्षकांसाठी हरित बांधकामाचा एक छोटा, मराठीतून शिकवला जाणारा अभ्यासक्रम तयार करावा आणि त्याची परीक्षा अल्प शुल्कात तंत्रनिकेतनांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत घ्यावी. पदविका अभ्यासक्रम मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक पद्धतीने शिकवण्याची सुरुवात मंडळाने केलीच आहे. त्याचेच हे पुढचे पाऊल ठरेल. लेखी प्रश्नांपेक्षा प्रात्यक्षिकावर भर असावा: भिंत कोणत्या दिशेची आहे ते ओळखणे, काचेवरची माहिती वाचणे, उष्णतारोधक थर तपासणे, पाण्याच्या मीटरची नोंद ठेवणे. वाढीव चटईक्षेत्र मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पावर असा किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असणे बंधनकारक करावे. बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्या पालिका अभियंत्यांनाही हेच प्रशिक्षण द्यावे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर पहिल्या दोन वर्षांची वीज आणि पाण्याची प्रत्यक्ष देयके सोसायटीने पालिकेकडे सादर करावीत आणि पालिकेने ती मानांकनासाठी दिलेल्या अंदाजांशेजारी ठेवून संकेतस्थळावर प्रसिद्ध करावीत.

आपली विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता, नाशिक