जुन्या कुत्र्याला गावी सोडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या हौसेखातर मुधोळ किंवा कारवान जातीचे पिल्लू घरी आणायचे आणि घरातला जुना कुत्रा त्याच्यावर गुरगुरू लागला की त्या जुन्यालाच गावाकडे सोडून यायचे, अशी दोन उदाहरणे मी यंदा कोथरूडमध्ये पाहिली. आमच्यावरही तीच वेळ आली होती, म्हणून हे पत्र.

आमचा मोती ९ वर्षांचा गावठी कुत्रा. गेल्या पावसाळ्यात बाजी हे मुधोळ पिल्लू आले आणि सातवीतल्या मुलीने त्याला शिकवण्याची जबाबदारी घेतली. मुधोळ नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. हुकमाची वाट न पाहता सशामागे सुटणारे कुत्रेच पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेल्यामुळे दूरवर काही हलले की हाकेकडे त्याचे लक्षच राहत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, शिवाय वेताळ टेकडीवर मोर आहेत. तेव्हा बाजीला शिकवायचे होते ते सुटण्याआधी मागे वळणे. १० मीटरची दोरी, शिट्टी आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन ती रोज सकाळी १५ मिनिटे सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत त्याला घेऊन जाई.

मोती तेवढा वेळ गॅलरीत रडत बसे. पुढे त्याने जेवण अर्धवट टाकायला सुरुवात केली, घरात लघवी केली आणि एके दिवशी ती दोरीच पलंगाखाली नेऊन तिच्यावर बसला. हा खोडसाळपणा नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये ३६ कुत्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. मालक भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करू लागले की ही कुत्री मध्ये घुसत आणि मालकाला ढकलत. मालक पुस्तक वाचत असताना ती तितकी अस्वस्थ होत नसत.

उपाय मुलीनेच काढला. मोतीलाही काम हवे आहे, असे ती म्हणाली. तेव्हापासून शिट्टी वाजली की आधी मोतीला हाक, आधी त्याला तुकडा, आणि मग बाजीला. मोतीला हाकेवर येण्याची जुनीच सवय. त्याच्यामागे बाजीही येऊ लागला, आणि जे एकट्याने दीड महिन्यात जमले नव्हते ते तीन आठवड्यांत बरेचसे जमले. वाट्यांपाशी अजून कुरबुर होते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवण देतो. गुरगुरण्यावर मात्र आम्ही कधी रागावत नाही, कारण ती चावण्याआधीची सूचना असते आणि ती दडपली तर कुत्रा सूचना न देताच चावू शकतो. दोन्ही कुत्रे मोकळे असताना मुलीसोबत मोठे माणूस असते आणि भांडणात मध्ये हात घालायचा नाही, हे तिला बजावले आहे.

जुन्या कुत्र्याला गावी सोडण्याच्या विचारात असलेल्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आधी महिनाभर त्यालाही या शिकवणीत घ्यावे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे