लडाखमध्ये गाडी रस्त्यावरच ठेवा

महोदय,

उन्हाळ्यात महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या पर्यटकांचा उत्साह समजण्यासारखा आहे. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे त्सो मोरिरी सरोवर एकदा तरी पाहावे असेच आहे. मात्र रस्ता सोडून थेट काठापर्यंत गाडी नेण्याची हौस तेथील भूमीला परवडणारी नाही. चांगथांगच्या या शीत वाळवंटात पाऊस नाममात्र पडतो आणि गवताला वाढायला जेमतेम उन्हाळाच मिळतो, त्यामुळे चाकांनी उमटलेली वाट वर्षानुवर्षे बुजत नाही आणि ज्या पाणथळ कुरणांवर चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या चरतात, जेथे काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, तीच कुरणे चिरडली जातात. (छायाचित्र तर रस्त्यावरूनही उत्तम येते!) पर्यटकांनी टाकलेल्या अन्नावर पोसलेली भटकी कुत्री क्रौंचांची अंडी व पिल्ले फस्त करतात, हे बहुतेकांच्या गावीही नसते. त्सो मोरिरीला २००२ मध्ये आणि लडाखमधल्याच त्सो कार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तेव्हा सहल आयोजकांनी वाहने रस्त्यावरच थांबवण्याची आणि कचरा लेहपर्यंत परत आणण्याची अट नोंदणी अर्जातच घालावी.

– एक वाचक, पुणे