सदर आवाजाबाबत

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय मिने,

तुझे मेसेज आणि बारशाचा फोटो उशिरा मिळाला म्हणून धरलेला रुसवा, दोन्ही पोचले. एक हात सदा बाळाखाली असतो आणि तुला जे सांगायचंय ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप होण्यासारखं नाही. आत्ता आई त्याला मांडीवर घेऊन बसलीये म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. फोटो काढून पाठवते, अक्षर लावून घे. तब्येत बरी आहे. टाके सुकले, अळीवाची खीर रोज गिळतेय, बास.

काल आम्हाला सोसायटीचं पत्र आलं. लेटरहेड, जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. विषय, ‘आपल्या सदनिकेतून रात्री-अपरात्री येणाऱ्या आवाजाबाबत’. ‘सदर आवाजामुळे लगतच्या सभासदांच्या झोपेत व्यत्यय येत असून आपण योग्य ती उपाययोजना करावी व तसे समितीस लेखी कळवावे.’ वॉचमनने वहीत सही घेतली तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. त्याच्यावर पदर ओढून मी डाव्या हाताने सही केली. गाडी चुकीच्या जागी लावली की येतं ना, अगदी तसलं पत्र. त्याला जगात येऊन जेमतेम सहा आठवडे होतायत गं!

लगतचे सभासद म्हणजे कोण हे आम्हाला माहीत आहे. आमची बेडरूम आणि त्यांची बेडरूम यांच्यामध्ये एक चार इंची भिंत. ते स्कूल बस चालवतात, पहाटे साडेपाचला घराबाहेर पडतात. आणि इथेच माझी पंचाईत होते. नुसता कजाग माणूस असता तर मी दोन दिवस शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण शाळेची पोरं घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरची झोप होत नाही ही काही लहान गोष्ट नाही. त्यांचे डोळे लाल असतात, जिन्यात बघते मी. म्हणून पहिल्यांदा भिंतीवर ठोकलं तेव्हा ह्यांनी सकाळी जाऊन माफी मागितली. दुसऱ्यांदा सोसायटीच्या ग्रुपवर ‘काही सदस्यांनी’ अशी सुरुवात करून मेसेज आला. मग एका रात्री दीड वाजता थेट बेल. बेलने बाळ आणखी दचकलं आणि तीनपर्यंत रडत राहिलं.

रडतो कसा म्हणशील, तर मार्केट यार्डात लिलाव पुकारणाऱ्या माझ्या मामाचा गळा घेऊन आलाय. तिन्हीसांजेला सुरू होतो, मूठ आवळतो, पाय पोटाशी घेतो, लालबुंद होतो. मध्ये जरा थांबतो आणि रात्री बारानंतर दुसरी पाळी. आईने मीठ-मोहरी उतरवून टाकली, बेंबीभोवती हिंग लावून झाला. मालिशवाल्या मावशी म्हणतात, गुटी द्या. वरच्या आजी ओव्याचं पाणी सुचवतात. डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही, गुटीही नाही आणि ग्राइप वॉटरही नाही. त्यांनी तपासलं, वजन चांगलं वाढतंय, ताप नाही, शू-शी व्यवस्थित. कॉलिक आहे. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि असं तीन आठवड्यांहून जास्त रडलं की त्याला कॉलिक म्हणायचं, ही व्याख्या १९५४ पासून चालत आलीये. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला रडणं सगळ्यांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं आपोआप उतरतं. औषध असं नाही.

आता ऐक, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. निघताना डॉक्टरांनी मला एकटीला थांबवून सांगितलं, ‘फार अंगावर आलं, राग येतोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवायचं आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. रडू दे. रडून त्याला काही होत नाही. पण गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही.’ तान्ह्या बाळाची मान धरत नसते, हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

तेव्हा मी हसून मान डोलावली. त्यानंतर ती बेलची रात्र आली. बेल वाजली, हे दार उघडायला गेले, बाहेर आवाज चढले, आणि माझ्या लक्षात आलं की बाळाच्या पाठीवरचे माझे हात घट्ट झालेत. आईच्याही लक्षात आलं. ती काही बोलली नाही. माझ्या हातातून त्याला अलगद सोडवून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी पलंगावर बसून राहिले. मला माझ्या बाळाचा राग आला नव्हता, मिने. मला फक्त तो आवाज बंद व्हायला हवा होता. डॉक्टरांनी दिलेला एकच उपाय, खाली ठेव आणि बाहेर जा, तो मला या घरात करता येत नाही, कारण तेवढा वेळ बाळ रडलं तर भिंत वाजते. ‘उपाययोजना करा’ म्हणजे काय करू? आता बाळाने तोंड उघडलं की मी आधी भिंतीकडे बघते, मग त्याच्याकडे. हे ह्यांना सांगितलेलं नाही. आईला न सांगता कळलंय.

तुलाच का सांगतेय हे तुला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या एसटीत रात्री तू घसा ताणून गात होतीस आणि मी तुझ्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘तुला सगळ्या जगाची झोप सांभाळायचीय.’ मग कराडपर्यंत अबोला. त्या भांडणात मी आजही माघार घेणार नाही, मागच्या सीटवर दवाखान्यातून निघालेले म्हातारे आजोबा होते. आणि तुझ्या त्या चार वाजता कोकलणाऱ्या घड्याळाने हॉस्टेलची सगळी विंग उठायची, तू सोडून! पण तुझं ते वाक्य हल्ली रोज आठवतं. आमच्या घरात मोठ्याने रडायचीसुद्धा सोय नव्हती, आईला विचार. माझ्या मुलाला मला तसं वाढवायचं नाही.

बरं, केलं काय ते सांगते. भाऊकाका येऊन गेले. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेला माणूस, त्यांनी शेजारच्यांची परवानगी घेतली, त्यांच्या बेडरूममध्ये उभे राहिले आणि फोनवरून मला म्हणाले, ‘आता बाथरूमचं दार लाव बरं.’ दार लावल्यावर त्यांना आवाज एकदम निम्मा वाटला. भिंतीतून येतो त्यापेक्षा जास्त डक्टमधून येतो! दोन्ही बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. आता ते दार रात्री बंद असतं आणि त्याच्या खालच्या फटीत आजीची जुनी गोधडी गुंडाळून सारलीये. पाळणा हॉलमध्ये आणलाय. वरच्या आजींना त्रास रडण्याचा नव्हताच, तो होता स्लॅबच्या हुकातल्या कडीच्या कुरकुरीचा. खोबरेल तेल घातल्यावर त्या स्वतः सांगायला आल्या आणि बाळाला झबलं देऊन गेल्या. अशी तक्रार मला रोज चालेल.

ह्यांनी रागारागात नियमही काढले. २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा. पण निर्बंध आहेत ते लाउडस्पीकर, वाद्यं, फटाके, हॉर्न, बांधकामाची यंत्रं यांच्यावर. बाळावर कुठे काही नाही. तुमच्या जर्मनीत म्हणे रविवारी ड्रिल चालवलं तर शेजारी पोलीस बोलावतात, तरी तिथेही २०११ मध्ये कायद्यातच घातलं ना, की पाळणाघरातला आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज सहसा त्रासदायक प्रदूषण धरायचा नाही? तुझ्या चिऊच्या पाळणाघराच्या वेळी तूच सांगितलं होतंस. मला इथे कायदा नको. मला इतकंच हवंय की रात्री बेल वाजवू नका.

समितीला उत्तर लिहिलंय. डक्टचं, पाळण्याचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीचं सगळं त्यात आहे. शेजारच्यांना त्रास होतो हे मान्य केलंय, त्यांना हवं तर मधली भिंत त्यांच्या बाजूने जाड करायचा निम्मा खर्च देऊ असंही. शेवटचं वाक्य असं आहे: ‘बाळ रडणार आहे, आणि त्याला गप्प करण्याची घाई आम्ही करणार नाही.’ हे म्हणतात वाक्य काढ, उगाच तेढ वाढते. मला ते काढायचं नाही. रेक्टरला अर्ज लिहिण्यात तुझा हात कोणी धरला नाही, तेव्हा ते ठेवू की नको, ठेवलं तर कसं लिहू, ते सांग. मंगळवारी द्यायचंय.

तुझ्या नव्या नोकरीचं काय झालं? काकूंचा गुडघा? चिऊ अजून मराठीत भांडते की जर्मनमध्ये? आणि तिकडच्या बर्फाचे फोटो पुरे झाले आता, तिकीट काढलंस की त्याचा पाठव. येशील तेव्हा खेळणी आणू नकोस, घरात पाय ठेवायला जागा नाही. दोन रात्री राहा फक्त. बारानंतरची पाळी तुझी, हवं तितकं घसा ताणून गा.

तुझी,
ताई नव्हे, मोठी तर अजिबातच नव्हे,
सुमी

ता. क. हे पत्र कोणी समोर असताना मोठ्याने वाचू नकोस. हातांचं ते फक्त तुझ्यासाठी आहे. रात्री फोन कर, मी जागीच असते.