ज्या घरात भांडण नाही, त्यांनी जामीनदार कुठून आणायचा?

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

नेरुळमधल्या सिडकोच्या एका जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. उमेदीच्या वयात इथे घर घेतलेली पिढी आता जाऊ लागली आहे आणि त्यांची मुलं शेअर सर्टिफिकेट घेऊन आधी आमच्याच दारात येतात.

फ्लॅटपुरतं आम्ही निभावून नेतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ नुसार वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक करारही चालतो. बँकांचंही सुधारलं आहे. मृत्युपत्र नाही, नॉमिनी नाही, पण वारसांत वादही नाही, अशा खात्यांत १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र) मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितलं.

अडतं ते पुढे. आमच्याकडचे एक काका तुर्भ्याला व्यापार करायचे. मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे एक गाळा, थोडे शेअर्स, बाजारात अडकलेली उधारी आणि त्यांची स्वतःची देणी. सक्सेशन सर्टिफिकेट येणं आणि रोखे यांपुरतंच. गाळा त्यात बसत नाही. सगळं एका हाताने गोळा करायचं, देणी भागवायची आणि उरलेलं वाटायचं, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली जिल्हा न्यायालयातून मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचं अधिकारपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घ्यावं लागतं. काकांच्या तिन्ही मुलांनी कळव्याच्या थोरल्या ताईचं नाव एकमताने दिलं, तशी प्रतिज्ञापत्रं केली. मृत्यू दाखल्यावर आजोबांचं नाव ‘पांडुरंग’ आणि रेशनकार्डावर ‘पांडूरंग’, म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र झालं. तेही समजू शकते.

पण मग जामीनदार. कलम २९१ प्रमाणे प्रशासकाला, म्हणजे असं अधिकारपत्र मिळणाऱ्याला, बंधपत्र (कारभार चोख करण्याची लेखी हमी) द्यावं लागतं, तेही जामीनदारासह. मालमत्तेच्या किमतीला पुरेल अशी ऐपत असलेला माणूस शोधायचा. मामांच्या घरावर कर्ज. चुलत्यांना दुसऱ्याच्या व्यवहारात आपली सही नको. त्यात त्यांचं काय चुकलं? ताईंनी कोणाचा पैसा बुडवला नव्हता, भावंडांची हरकत नव्हती, तरी काम थांबलं आणि तोवर उधारीवाले ‘कोर्टाचा कागद आणा’ म्हणत राहिले.

जामिनामागचा हेतू मला मान्य आहे. वारस अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल, घेणेकरी बरेच असतील किंवा कुणाची हरकत असेल, तर जामीनदार हवाच. पण सगळे वारस सज्ञान आहेत आणि सगळ्यांनी संमती दिली आहे, तिथे प्रशासकाचं स्वतःचं बंधपत्र का पुरू नये? कायद्याने त्याच्यावर लक्ष ठेवलेलंच आहे: कलम ३१७ नुसार सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. ही तपासणी काटेकोर करा. ती जामीनदारापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

कायदा केंद्राचा असला तरी उत्तराधिकार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्य दुरुस्ती करू शकतं आणि राष्ट्रपतींच्या संमतीने ती लागू होऊ शकते. येत्या अधिवेशनात कलम २९१ ला अशी दुरुस्ती आपण मांडावी, ही माझी मुख्य मागणी.

दुसरं त्या मानाने छोटं. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांत बिनहरकत अर्जांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. बोर्ड, म्हणजे रोजच्या सुनावण्यांची यादी, कसा लावायचा हे उच्च न्यायालय ठरवतं, याची कल्पना आहे; आपल्या विभागाने त्यांना तशी विनंती तरी करावी. आणि कोणते कागद लागतात याची मराठी यादी न्यायालयाच्या आवारात, वाचता येईल अशा ठिकाणी लावावी. आज ती यादी वकिलांकडूनच कळते आणि दर वेळी एखादा कागद वाढलेला असतो.

ताईंची संमतीपत्रं आणि नावं वगळलेले बाकीचे कागद विभागाने मागितल्यास, त्यांच्या परवानगीने मी आणून देईन.

आपली विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव, नेरुळ, नवी मुंबई