आमचा फोनो बोलता केलात, काका

नमस्कार काका,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे. तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्या एकटीपाशी राहू नये असं फार वाटतं.

आजीचा फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, सदाशिव पेठेतल्या आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं चादरीत गुंडाळून पडला होता. टेबलावर ठेवायची पेटी, पुढे दोन छोटी दारं, भोंगा आतच, लाकडाचा. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तो एका ठिकाणी दुरुस्तीला दिला होता. तिथे साऊंड बॉक्सच्या, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीच्या, रबरावर घट्ट बसणारा गोंद ओतला, मोटरवर शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि वर सल्ला दिला, की आतलं सगळं काढून टाका, ब्लूटूथचा स्पीकर बसवून देतो. आईने पेटी उचलली ती थेट घरी. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही.

तुम्ही पहिल्या रविवारी जुना बाजार उरकून आलात तेव्हा तुमच्या पिशवीत हत्यार म्हणून काहीच नव्हतं. सुयांची एक डबी आणि तीन तबकड्या, बस. मला वाटलं होतं की लगेच पेटी उघडाल. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "आधी ऐकू. कुठे दुखतंय ते तो स्वतःच सांगेल." मग तिन्ही तबकड्या लावल्या, प्रत्येक बाजूला नवी सुई. जी खरखर तबकडीगणिक बदलते ती तबकडीची, जी तिन्हींवर तशीच राहते ती यंत्राची. इतकी साधी गोष्ट, पण तोवर मी सगळ्यालाच "जुना आवाज" म्हणत होते. गाणारी बाई जोरात स्वर लावायची तिथे आवाज फाटत होता, तिन्ही तबकड्यांवर. तुम्ही साऊंड बॉक्सकडे बोट दाखवलंत.

तो उघडल्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. रुपयाहून मोठी अभ्रकाची चकती, पापुद्र्यासारखी पातळ, उजेडात धरली की पलीकडचं दिसणारी. तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराची कडी असते, तिच्यामुळे चकती मोकळी थरथरते आणि हवाही गळत नाही. आमचं रबर दगड झालं होतं, वर तो गोंद. चकतीला हलताच येत नव्हतं, मग ती सूर काढणार कुठून? तुम्ही दोन संध्याकाळी ब्लेडच्या टोकाने गोंद खरवडलात. अभ्रकाचा एक पदरही सुटू दिला नाहीत. नव्या कड्यांसाठी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापलीत, टोकं अशी जुळवलीत की मध्ये केसाएवढी फट राहू नये. सुई धरणारी काडी चकतीच्या मध्याशी जिथे स्क्रूने जोडलेली असते, तिथे मधाच्या पोळ्याच्या मेणाचा थेंब सोडलात. काडीच्या त्या दोन चिमुकल्या स्प्रिंगांना मात्र मला हात लावू दिला नाहीत, आणि बरंच केलंत. त्यांचा ताण कमी-जास्त झाला की आवाज एक तर झणझणतो, नाही तर बसतो.

मोटरच्या मोठ्या स्प्रिंगचं काम तुम्ही चावी पूर्ण उतरवून, तिचा डबा गोणपाटात धरून केलंत आणि मला चार हात लांब उभं केलंत. हे वाचणाऱ्यांनाही सांगते, तो डबा घरी उघडू नका, अडकलेला ताण सुटला तर हात फाटतो. आतलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं. त्यानेच वेटोळी एकमेकांना चिकटायची, सुटताना धप्प आवाज यायचा आणि सूर मध्येच खाली जायचा. रॉकेलने धुऊन ग्राफाइटचं ग्रीस भरलंत, झालं.

खरं शिकले ते वेगाच्या वेळी. गव्हर्नरची तीन वजनं फिरताना बाहेर फेकली जातात, चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरते, हे तुम्ही बोटाने दाखवलंत. आमचं चामडं वाळून कडक झालं होतं. ते तेलात भिजवल्यावर तुम्ही ७७ रेघांची कागदी चकती फिरत्या तबकडीवर ठेवलीत आणि दिवाणखान्यातला एलईडी बंद करून स्वयंपाकघरातल्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली फोनो नेलात. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६,०००. ६,००० भागिले ७७ म्हणजे जवळजवळ ७८, तबकडीने मिनिटाला घ्यायच्या तेवढ्याच फेऱ्या. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. तेही सुई तबकडीवर टेकलेली असताना बघायचं, कारण सुईचं ओझं पडलं की वेग थोडा उतरतोच.

मी म्हटलं होतं, दोन-चार फेऱ्यांनी काय बिघडतं? तुम्ही वेग ७४ च्या खाली आणलात आणि आईची बाजाची पेटी मागवलीत. काळी चारचं गाणं अर्ध्या सुराने उतरून पांढरी पाचला जाऊन बसलं. "गवयाची पट्टी बदलायचा आपल्याला अधिकार नाही," एवढंच बोललात. काका, त्या वाक्यानंतर मी फोनोकडे शोभेची वस्तू म्हणून बघूच शकलेले नाही.

वेग स्थिर आहे का हे ओळखायची तुमची रीतही लिहून ठेवते. जिथे गवई लांब षड्ज लावून थांबतो ती जागा ऐकायची. तान सुरू असताना डुलणं झाकून जातं, ठेहरावात लपत नाही. आपल्या संगीताच्या तबकड्या यासाठी फार उपयोगी, कारण साडेतीन मिनिटांच्या आत गाणं उरकायचं असूनही आपले गवई सा लावायला विसरत नाहीत.

शेवटच्या रविवारी तुम्ही मला स्वयंपाकघरात पाठवलंत, दार अर्धं लोटलंत आणि हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावलीत. जवळ बसलं की कान सुईच्या खसखशीतच अडकतो, भिंतीपलीकडून फक्त गाणं येतं, म्हणून. मी आवाज मोबाइलवर घेऊ का विचारलं तर नको म्हणालात, मोबाइल बारीक आवाज मोठा करतो आणि मोठा दाबतो, त्याच्यावरून निकाल लावायचा नाही. मी ओट्याला टेकून उभी होते. आई आत आली, हातातलं पातेलं खाली न ठेवताच थांबली. तिसऱ्या ओळीला ती बरोबर गुणगुणायला लागली, आणि तिला पट्टी शोधावी लागली नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. व्हॉल्व्ह ट्यूबचे घ्या म्हटलं तर म्हणालात, सुया वेळेवर बदल, तेच दे. बदलते आहे, काका. एका बाजूला एक सुई. वापरलेल्या सुया वेगळ्या डबीत टाकते, म्हणजे चुकून परत लागणार नाहीत. तबकडीचं खरखरीत लाखेचं अंग सुईचं टोक घासून आपल्या खाचेसारखं करून घेतं, हे तुम्ही भिंगातून दाखवलं नसतंत तर माझा विश्वास बसला नसता.

एक राहिलंय. अब्दुल करीम खाँसाहेबांची आजीची तबकडी सापडली आहे, कडेला टवका गेलेला, पण खाच शाबूत दिसते. वरच्या सुरांत अगदी हलकी झणझण येते आहे. दुसऱ्या दोन तबकड्यांवर ती येत नाही, म्हणून मी ती तबकडीचीच धरली आहे. बरोबर आहे का ते तुम्ही येऊन सांगा. रविवारी बाजार झाला की या, आई थालीपीठ लावणार आहे.

तुमची,
सदाशिव पेठेतली फोनोवाली