आधी ३२ केबीचं कार्ट्रिज कर

पुणे,
१४ जुलै

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

गेम बॉयच्या (निन्टेंडोच्या हातातल्या कन्सोलच्या) कार्ट्रिजचा तुझा आराखडा पाहिला. ५१२ केबीची फ्लॅश (पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप), बँका, म्हणजे मोठ्या गेमचे तुकडे, आलटून पालटून कन्सोलपुढे आणणारा मॅपर, सेव्हसाठी रॅम, वर बटण सेल, आणि हे सगळं पहिल्याच बोर्डावर! अरे, चार गोष्टी एकदम बिघडल्या तर नेमकी कोणती बिघडली हे शोधायला तुझ्याकडे फक्त मल्टिमीटर आहे. आधी ३२ केबीचं साधं कार्ट्रिज कर. त्यात एकच चिप लागते, आणि गेम बॉय ती मॅपरशिवाय थेट वाचतो.

कार्ट्रिजच्या कडेला ३२ पिना असतात. १ वर ५ व्होल्ट, २ वर क्लॉक, ३ वर राइट, ४ वर रीड, ५ वर रॅमचा सिलेक्ट. ६ ते २१ या ए० ते ए१५ अशा पत्त्याच्या लाइनी, २२ ते २९ या डी० ते डी७, ३० वर रीसेट, ३१ वर आवाजाचा इनपुट आणि ३२ वर ग्राउंड. गेमचा कोड ०००० ते ७एफएफएफ (हेक्समध्ये; पुढचे पत्ते आणि बाइटही तसेच) या पत्त्यांवर असतो आणि तिथे ए१५ नेहमी शून्य असते. म्हणून ए१५ सरळ चिपच्या सीई (चिप निवडणाऱ्या) पिनेला जोड, वेगळं डिकोडिंग लागत नाही. कन्सोलचा रीड चिपच्या ओई (डेटा बाहेर सोडणाऱ्या) पिनेला, ए० ते ए१४ आणि डेटाच्या आठ लाइनी जशाच्या तशा.

चिप घे एसएसटी३९एसएफ०१०ए, पीएलसीसी-३२ या छोट्या चौकोनी पॅकेजमधली. ती ५ व्होल्टवर चालते, म्हणून लेव्हल बदलण्याची भानगड नाही. तू यादीत लिहिलेली ३.३ व्होल्टची चिप या बसवर थेट लावू नकोस. स्वस्त तयार कार्ट्रिजांत लावलेली दिसते आणि चालतेही, पण तिच्या डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि ते तिच्या मर्यादेबाहेर आहे. लॅमिंग्टन रोडला विचारताना पॅकेज आवर्जून सांग, नाहीतर डीआयपी (लांब पायांची मोठी) हातात देतील आणि ती खोक्यात मावणार नाही. पीएलसीसीचं सॉकेटही लावू नकोस, झाकण बसत नाही. चिप थेट बोर्डावर सोल्डर कर. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, चिपला अगदी लागून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

आता राइटची गोष्ट. चिपची डब्ल्यूई (लिहू देणारी) पिन कन्सोलच्या ३ नंबरला जोडावी असं कोणालाही वाटेल. ती ३१ नंबरला, म्हणजे आवाजाच्या इनपुटला जोड आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला वर ओढून ठेव. कारण असं: बँक बदलणारे गेम रॉमच्याच, म्हणजे कोडच्याच, पत्त्यांवर लिहितात, आणि ३ नंबर वापरला तर ते प्रत्येक लिहिणं फ्लॅशपर्यंत पोचतं. फ्लॅशला आधी ठरावीक बाइटांची किल्ली लागते, त्यामुळे लगेच काही पुसलं जाणार नाही, पण ती वाट उघडी ठेवायचीच कशाला? ३१ नंबर गेम बॉयवर जवळपास कोणी वापरत नाही. फक्त तुझ्या कोडमध्ये एफएफ२४ या रजिस्टरमध्ये ७७ लिही. आवाज पूर्ण मिळतो आणि त्या पिनेचे दोन्ही बिट बंद राहतात.

चिप १२८ केबीची आहे, तुला लागतात ३२. चिपच्या उरलेल्या ए१५ आणि ए१६ ग्राउंड करण्याऐवजी १० किलोओहमने खाली ओढ आणि दोन खटक्यांच्या डिप स्विचमधून ५ व्होल्टला ने. एका कार्ट्रिजात चार गेम! खटका मात्र कन्सोल बंद असतानाच हलवायचा.

बोर्ड मागवताना जाडी ०.८ मिमी लिही. न लिहिता १.६ येते, आणि ती दामटून घातलीस तर कन्सोलच्या कनेक्टरच्या पिना कायमच्या फाकतील. कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा हवा. कथलाचा थर उंचसखल होतो. फाईल पाठवण्याआधी एकास एक मापात कागदावर छापून खऱ्या कार्ट्रिजच्या बोर्डाशेजारी धर. बोर्ड आरशातल्यासारखा उलटला तर ५ व्होल्टच्या जागी ग्राउंड येतं, आणि ही चूक सगळ्यात महाग पडते. खोकं जुन्याच कार्ट्रिजचं घेशील तर त्याचा स्क्रू ३.८ मिमीच्या खास बिटाने उघडतो. वरच्या कोपऱ्याला खाच असलेलंच घे. पहिल्या, १९८९च्या गेम बॉयचा चालू करायचा खटका त्या खाचेत सरकतो. फक्त गेम बॉय कलरसाठीच्या खोक्याला ती नसते, मग कन्सोल चालूच होत नाही आणि माणूस उगाच सोल्डर तपासत बसतो.

चिपमध्ये गेम भरण्यासाठी आर्डुइनो मेगा (संगणकाला जोडायचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पुरे. तो ५ व्होल्टचा आहे आणि पिना भरपूर, शिफ्ट रजिस्टर लागत नाहीत. कार्ट्रिज खोचायला डीएस लाइटच्या खालच्या स्लॉटचा सुटा कनेक्टर मिळतो. एक बाइट लिहायला चार वेळा लिहावं लागतं: ५५५५ वर एए, २एएए वर ५५, पुन्हा ५५५५ वर ए०, मग खऱ्या पत्त्यावर खरा बाइट. एका बाइटला जास्तीत जास्त २० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३२ केबीला पाऊण सेकंदाच्या आत. वेळ खाते ती संगणकाकडून मेगाकडे येणारी सिरियल. १,१५,२०० बॉडवर तीनेक सेकंद धर.

पण काही लिहिण्याआधी चिपची ओळख वाच. तीच किल्ली, शेवटी ए०ऐवजी ९०; मग पत्ता ० वर बीएफ आणि १ वर बी५ यायला हवं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी चाचणी हीच. ५५५५ मध्ये सम नंबरच्या लाइनी वर असतात, २एएए मध्ये विषम; डेटामध्ये एए आणि ५५ तेच करतात. शेजारच्या दोन लाइनी चिकटल्या किंवा एखादी तुटली, तर किल्ली लागतच नाही. ओळख आली म्हणजे तुझं सोल्डरिंग जवळजवळ पास.

पुसताना पूर्ण चिप पुसायची आज्ञा (शेवटी १०) देऊ नकोस, चारही गेम जातील. ४ केबीचा एकेक सेक्टर (शेवटी ३०) असे आठ पूस.

रॉम (गेमची फाईल) तयार करताना आरजीबीडीएस या गेम बॉयच्या प्रोग्रॅमिंग साधनांतलं आरजीबीफिक्स चालव. ते निन्टेंडोचा लोगो आणि हेडरचा (गेमच्या माहितीच्या भागाचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, बरोबर करतं, आणि उरलेली जागा एफएफने भरायला सांगितलीस तर ते बाइट लिहावेच लागत नाहीत, पुसलेली फ्लॅश एफएफच असते. जीबी स्टुडिओ या गेम बनवायच्या प्रोग्रॅमचे गेम या बोर्डावर चालणार नाहीत; ते एमबीसी५ मॅपर धरून बनतात.

कन्सोल चालू केल्यावर जुना गेम बॉय लोगो कार्ट्रिजमधूनच, ०१०४ ते ०१३३ या पत्त्यांवरून वाचून दाखवतो. तो नीट वाच. काळा ठोकळा उतरला तर सगळीकडे एफएफ येतंय: सीई, ओई किंवा ५ व्होल्ट बघ. प्रत्येक अक्षरात तीच फट पुन्हा पुन्हा दिसली तर डेटाची एक लाइन गेली. लोगोचे तुकडे जागा सोडून बसले तर पत्त्याच्या खालच्या लाइनी. लोगो अचूक येऊन तिथेच थांबला तर हेडरचा चेकसम. आणि लोगो बरोबर, पण गेम सुरू होताच भरकटतो, तेव्हा ए९ ते ए१४ बघ. लोगोच्या पत्त्यांत या लाइनी शून्यच असतात, म्हणून त्या मेल्या तरी लोगोला पत्ता लागत नाही. ओळख मेगावर नीट येत असेल तर दोष कन्सोलच्या कनेक्टरमध्ये आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. पट्ट्यांवर खोडरबर नको, मुलामा उतरतो.

हे चाललं की मग ५१२ केबी. १६ केबीच्या ३२ बँका, म्हणजे पाच बिट. ७४एचसी१३८ (डिकोडर) ने २००० ते ३एफएफएफ मधलं लिहिणं ओळखायचं (इथे ३ नंबर वापरायचा), ७४एचसी१७४ (बिट धरून ठेवणारी चिप) मध्ये बँकेचा नंबर धरायचा, आणि पाचही बिट ए१४ शी अँड करायचे. त्याला ७४एचसी०८ (अँड गेटची चिप) दोन लागतील. इथे एक खोडी आहे, आधीच सांगतो. सम बँक निवडलेली असताना ५५५५ चा ए१४ शून्य होतो, चिपला १५५५ दिसतं आणि किल्ली लागत नाही. परिणाम असा की एक बँक सोडून एक कोरी राहते. किल्ली देण्यापूर्वी बँक १ कर, ए० दिल्यावर हव्या त्या बँकेवर ये आणि मग बाइट लिही. फ्लॅशची डब्ल्यूई ३१ वर असल्यामुळे मधलं बँक बदलणं तिला कळतच नाही.

रॅम आणि सेलचं पुढच्या पत्रात. तोवर बोर्ड मागवण्याआधी त्याची फाईल मला पाठव. पिन १ आणि ३२ मी एकदा बघतो.

तुझा,
केदार